झोटेरो: घ्याच, पण सूची एकदा डोळ्यांखालून घाला

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. प्रबंध बांधणीला टाकायच्या आठवड्यात पीएच.डी.ची मंडळी संदर्भसूची घेऊन माझ्या टेबलापाशी येतात. एपीए ही संदर्भ लिहायची शैली वापरलीय म्हणतात, आणि निम्म्या नोंदींत प्रकाशनाचं गाव असतं, निम्म्यांत नसतं. (2019 च्या सातव्या आवृत्तीनं ते गाव काढूनच टाकलंय. पण 'पुणे' लिहिल्याशिवाय आपला हात पुढे सरकत नाही.) अशांच्या लॅपटॉपवर मी झोटेरो, म्हणजे संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणारं सॉफ्टवेअर, चढवून देते.

फुकट आहे. 2006 साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालं. ब्राउझरमधलं बटण दाबलं की लेखाची नोंद आत येते, वर्डमध्ये संदर्भ टाकत गेलं की शेवटी सूची तयार. गाइडनी ऐनवेळी "एपीए नको, शिकागो करा" म्हटलं तरी शैली बदलायला मिनिटही लागत नाही. नुसत्या एवढ्यासाठीही घ्यावं.

आता खरी गोम. झोटेरो नोंद उचलतं ती संकेतस्थळावर असेल तशी. लेखकाच्या जागी 'गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र' हे माणसाच्या नावासारखं दोन रकान्यांत तुटून आलं, की सूचीत शासनाचं 'महाराष्ट्र, जी. ऑफ' होतं! नावाशेजारच्या छोट्या बटणानं दोन्ही रकाने एक करायचे, की झालं. तसंच इंग्रजी शीर्षकांचं. एपीएला शीर्षकाचं आणि उपशीर्षकाचं पहिलं अक्षर आणि विशेषनामं एवढीच कॅपिटल लागतात, पण आलेल्या नोंदीत बऱ्याचदा प्रत्येक शब्द कॅपिटल असतो. शीर्षकावर राइट क्लिक करून 'सेंटेन्स केस' करा, मग विशेषनामं पुन्हा बघून घ्या. आणि सूचीत हातानं केलेल्या दुरुस्त्या टिकत नाहीत, पुढच्या रिफ्रेशला पुसल्या जातात. दुरुस्ती मूळ नोंदीतच करायची. हे मी रोज सांगते.

मराठी पुस्तकांना जरा जास्त राबावं लागतं. जुन्यांना आयएसबीएन (ज्यावरून नोंद आपोआप येते तो पुस्तकाचा क्रमांक) नाही, म्हणजे शीर्षकपृष्ठ समोर ठेवून टाइप करणं आलं. त्यावर 'शके 1830' असेल तर 78 मिळवून तारखेत 1908 घालावं आणि शके 'एक्स्ट्रा' रकान्यात नोंदवावं. प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होणार असेल, तर मात्र झोटेरोच्या वाटेला जाऊच नका.

मला सर्वांत आवडतं ते वेगळंच. तुमच्या संग्रहातला एखादा शोधनिबंध मागे घेतला गेला, की झोटेरो त्यावर लाल पट्टी लावून बजावतं. हे काम कुठला गाइड करणार?

फाइली झोटेरोच्या सर्व्हरवर ठेवायला मोफत जागा 300 एमबी, पीडीएफ भरायला लागलात की लगेच संपते. 2 जीबीला वर्षाचे 20 डॉलर पडतात. आमच्याकडचे बहुतेक जण फाइलींचं सिंक बंद ठेवतात. नुसत्या नोंदींना या जागेची मर्यादा नाही.