अपग्रेडनंतर क्वेरी मंदावल्या: जुनी कंपॅटिबिलिटी लेव्हल ठेवायची की नवीनच राखून दुरुस्ती करायची?

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या 2012 आवृत्तीवरून 2019 वर गेल्यावर काही क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) अचानक रेंगाळतात, तेव्हा संशय आधी हार्डवेअरवर जातो. पण बऱ्याचदा मूळ असतं क्वेरीतून रो (टेबलातल्या ओळी) किती येतील, या सर्व्हरने आधीच बांधलेल्या अंदाजात. 2014 पासून, म्हणजे कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसने कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ते ठरवणारं सेटिंग) 120 पासून, हा अंदाज काढण्याची पद्धतच बदलली.

समजा, 10 लाख रोंच्या टेबलवर दोन अटी आहेत आणि प्रत्येकीत 10 टक्के रो बसतात. जुनी पद्धत सरळ गुणाकार करून 10,000 म्हणते. नवी पद्धत दुसऱ्या अटीचं वर्गमूळ घेऊन साधारण 31,600 म्हणते. एवढ्या फरकाने क्वेरीचा प्लॅन, म्हणजे ती चालवण्याची पद्धत, बदलू शकतो: टेबलं जोडताना नेस्टेड लूपच्या जागी हॅश जॉइन ही दुसरी रीत येऊ शकते.

लेव्हल 110 वर, म्हणजे 2012 च्या लेव्हलवर, आणणं एका कमांडचं काम. सर्व्हर रीस्टार्ट करावा लागत नाही, रात्री दोन वाजता हाच पर्याय बरा. मात्र तो अख्ख्या डेटाबेसला लागू होतो: नव्या अंदाजाने सुधारलेल्या क्वेरीही मागे जातात, आणि 150 वर, म्हणजे 2019 च्या लेव्हलवर, मिळणारा रोस्टोअरवरचा बॅच मोड (साध्या टेबलांतल्या रो एकेक न घेता गठ्ठ्याने हाताळणं) हातचा जातो.

दुसरा पर्याय वेळखाऊ, तरी माझा कौल त्यालाच. जुन्या लेव्हलवर क्वेरी स्टोअर (क्वेरी आणि त्यांचे प्लॅन नोंदवून ठेवणारी सोय) चालू करून नेहमीचा भार नोंदवा, स्टॅटिस्टिक्स (ज्यावरून अंदाज निघतो ती टेबलातल्या डेटाची आकडेवारी) अपडेट करा, मगच लेव्हल वाढवा. जी क्वेरी बिघडेल तिच्यापुरताच जुना प्लॅन फोर्स करा, म्हणजे तोच वापरायला लावा.