कॉर्न स्नेकचं उंच घर : आठ महिने वापरल्यावर

आमचा कॉर्न स्नेक (घरी पाळला जाणारा बिनविषारी अमेरिकन साप) आता मीटरभर लांब झालाय. आठ महिन्यांपूर्वी त्याला बसक्या पेटीतून उंच एन्क्लोजरमध्ये हलवलं. लांबी १२० सेंमी, खोली ६०, उंची १२०. तीन बाजू पीव्हीसीच्या, पुढे सरकत्या काचा. हा साप झाडावर चढणारा, म्हणून हौसेने उंची घेतली. तर पहिले तीन आठवडे पठ्ठ्या खालच्या कोपऱ्यातल्या हाइडमधून, म्हणजे लपायच्या जागेतून, हललाच नाही. वरचा निम्मा भाग नुसता शोभेला. पैसे पाण्यात गेले असंच वाटायला लागलं.

थर्मामीटरचा दुसरा प्रोब (तापमान मोजणारं टोक) सगळ्यात वरच्या फांदीला बांधला तेव्हा चूक कळली. खाली २४ अंश, वर ३७. गरम हवा वर चढते हे शाळेतच शिकलो होतो, पण उबेचा दिवा छताच्या मधोमध लावताना काही आठवलं नाही. बसक्या पेटीत एक टोक गरम, एक टोक गार, साप हवं तिकडे सरकतो. उंच घरात तीच विभागणी उभी होते. म्हणजे चढायचं तर भाजून घे, गारवा हवा तर जमिनीवर पडून राहा, असा कारभार मी करून ठेवला होता.

दिवा एका बाजूला नेला, दुसऱ्या टोकाला वरच्या बाजूला हवा खेळायला जाळी बसवली आणि थर्मोस्टॅटचा (दिव्याची ऊब आवरणाऱ्या यंत्राचा) प्रोब दिव्याखालच्या फांदीवर आणला. आता दिव्याखाली ३०-३१, त्याच उंचीवर दुसऱ्या टोकाला २६, तळाला २३. दिव्याला जाळीचा पिंजरा हवाच, त्यात तडजोड नको. साप उबेला चिकटून बसतो आणि कातडी भाजली तरी बाजूला होईलच असं नाही.

तेवढ्यानेही तो फार वर जाईना. उंचावर उघडं पडायला त्याला नको होतं. मग बुचाच्या सालीची एक पोकळ नळी आडवी टांगली, भोवती प्लास्टिकची पानं सोडली. त्याच रात्री नळीच्या तोंडातून डोकं बाहेर!

फांद्यांनी वेगळी अद्दल घडवली. एक जाड फांदी मी दोन भिंतींत नुसती अडकवून ठेवली होती. रात्री दोन वाजता धाडकन आवाज, पाण्याचं भांडं उपडं, साप नशिबाने पलीकडे. तेव्हापासून प्रत्येक फांदीला बाहेरून स्क्रू. जाडी त्याच्या अंगाएवढी किंवा थोडी जास्त, साल खरबरीत, आणि बहुतेक आडव्या. उभ्या फांदीवरून तो जातो, पण बसतो आडव्या फांदीवरच.

ह्या घराचा खरा मोबदला म्हणजे त्याला फांदी ओलांडताना बघणं. शेपटीने मागच्या फांदीला विळखा, मानेची घडी उलगडत अंगाचा तिसरा हिस्सा हवेत सरळ, हनुवटी पलीकडे टेकली की उरलेलं अंग सावकाश ओघळत येतं. पोटाच्या खवल्यांना दोन्ही कडांना कंगोरा असतो, तो सालीत कसा रुततो हे काचेला नाक लावलं की स्पष्ट दिसतं.

आता कुरकुर. वर आर्द्रता ४० टक्के, खाली नारळाच्या भुशावर ६०. डोळे दुधाळ निळसर झाले, म्हणजे कात टाकायची वेळ जवळ आली, की गार बाजूच्या हाइडमध्ये ओलं शेवाळ भरून ठेवतो. एकदा विसरलो तर कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. एरवी ती उलट्या मोज्यासारखी अखंड फांदीला लटकलेली मिळते. दोन काचा एकमेकींवर येतात तिथे फट राहते. मोठा साप मावणार नाही, पण पिल्लू सहज निसटेल, म्हणून तिथे पारदर्शक पट्टी लावली. कुलूप तर हवंच. आणि वर बसून शी केली की ती काचेवरून थेट खालपर्यंत ओघळते, हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

पुन्हा घेतलं तर उंची ९० सेंमीच ठेवीन, मधल्या आडव्या फांद्या मात्र वाढवीन. वरचा कोपरा पुसायला मला स्टुलावर चढावं लागतं, आणि दिवसभर नळीत झोपलेल्या ह्या साहेबांना बाहेर यायचं नेमकं तेव्हाच सुचतं.