शेअर टिप्सचा सशुल्क ग्रुप: सात महिन्यांचा अनुभव

मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मोबाइलवर शेअर बघायची सवय लागली आणि गेल्या वर्षी टेलिग्रामवरच्या एका टिप्स ग्रुपची वर्गणी भरली. महिना १,९९९ रुपये, सात महिने. ग्रुपचं नाव इथं लिहीत नाही.

आधी चांगलं ते सांगतो. कंपनीवर कर्ज किती, प्रवर्तकांनी शेअर गहाण ठेवलेत का, तिमाही निकाल कसे वाचायचे, हे मी तिथंच शिकलो, तेही मराठीत. त्या शिकवण्याला मी आजही पैसे देईन.

पण टिप्स? नियमावलीत पहिलंच वाक्य होतं, 'आम्ही पेड प्रमोशन करत नाही.' आणि प्रत्येक टिपेखाली बारीक अक्षरात, 'या शेअरमध्ये आमची पोझिशन असू शकते,' म्हणजे तो शेअर त्यांनी स्वतःही घेतलेला असू शकतो. एका स्मॉलकॅपचा, म्हणजे छोट्या कंपनीच्या शेअरचा, सलग नऊ दिवस गजर चालला. मी ४१ रुपयांनी ६०० शेअर घेतले. भाव ५८ पर्यंत गेला, मग रोज लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जितका पडू शकतो तितका पडायचा. विकायला लावले तर घेणारंच कोणी नाही. २२ ला कसाबसा सुटलो, ११,४०० रुपये गेले. ग्रुपवर एकच विचारलं: 'या कंपनीकडून तुम्हाला काही मिळालं का?' दहा मिनिटांत मेसेज उडवला, संध्याकाळी मला काढलं.

'असू शकते' कशाला? आहे की नाही, ते सांगा ना. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत रिसर्च ॲनालिस्टला, म्हणजे शेअरचा अभ्यास करून शिफारस करणाऱ्याला, त्या शेअरमधला स्वतःचा हितसंबंध आणि गेल्या १२ महिन्यांत त्या कंपनीकडून घेतलेला मोबदला जाहीर करावाच लागतो. अमेरिकेत तर १९३३ च्या कायद्यानं मोबदल्याची रक्कमसुद्धा सांगावी लागते. जाहिरातवाल्यांच्या स्वतःच्या संस्थेनं, ॲस्कीनं, २०२३ मध्ये शेअरचा सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरांना सेबीचा नोंदणी क्रमांक दाखवायला सांगितलं. माझ्या दुकानात ड्रग लायसन्स भिंतीवर लावलेलं आहे, कुणीही वाचावं. या ग्रुपवर तसा क्रमांक कुठंच नव्हता, आणि पैसे भरण्याआधी मी तो मागितला नाही ही माझी चूक.

परवा शेजारचा झेरॉक्सवाला पोरगा त्याच ग्रुपची वर्गणी भरू का म्हणून विचारायला आला. काउंटरवरच सेबीच्या संकेतस्थळावरची नोंदणीकृत ॲनालिस्टांची यादी उघडली. ग्रुप चालवणाऱ्याचं नाव दोघांनी मिळून शोधलं. सापडलं नाही.