पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजचा मोफत शोध वापरून पाहा

सातारा जिल्ह्यातल्या फौजी घराण्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची (दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणारी संस्था) वेबसाइट ही सुरुवातीची सर्वांत चांगली जागा आहे. पैसे लागत नाहीत.

मात्र नाव-आडनाव टाकून थेट शोधलंत तर बहुधा हाती काही लागत नाही. इंग्रज कारकुनांनी कानाला आलं तसं लिहिलंय: पवारचं पोवार, शिंदेचं सिंदे. कित्येकदा आडनावाच्या रकान्यात पूर्ण नावच असतं. म्हणून नावाचा रकाना मोकळा सोडा, रेजिमेंट निवडा आणि ‘अधिक माहिती’त फक्त गावाचं किंवा ‘सातारा’ हे नाव इंग्रजीत टाका. वडिलांचं नाव आणि गाव तिथेच सापडतं. १९२२ पूर्वीच्या मराठा पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा क्रमांकांनी शोधाव्या लागतात. ‘मराठा लाइट इन्फंट्री’ टाकून त्या निसटतात. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पडलेल्यांची नावं बहुतेक बसरा स्मारकाखाली, फ्रान्समधली न्यूव्ह-शापेलखाली.

मोठी मर्यादा म्हणजे जिवंत परतलेले इथे नाहीत. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ एवढ्याच काळातले मृत्यू धरलेत. जनगणनेची आशा तर सोडाच. आपल्याकडे घरोघरचे जुने तक्ते जपलेलेच नाहीत, उरलेत ते गावनिहाय आकडे. त्यापेक्षा तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, मागा. मजकूर मोडीत असेल तर वाचणारा जाणकार सोबत न्या.

शोधासाठी ५ पैकी ४.