डेअरीच्या पीसीला कॉम पोर्टची पट्टी: पावसाळाभर वापरल्यानंतर

मदरबोर्डच्या मागे नऊ पिनांचा सीरियल पोर्ट (वजनकाट्यासारखी यंत्रं पीसीला जोडायची जुनी जागा, विंडोजच्या भाषेत कॉम पोर्ट) नाही, पण आत कुठेतरी ‘कॉम’ किंवा ‘जेकॉम१’ छापलेल्या दोन रांगांतल्या पिना, म्हणजे हेडर, आहेत, अशांनी हे वाचावं. वस्तू साधी आहे. एका टोकाला डीबी-९ (तो नऊ पिनांचा सीरियल कनेक्टर), दुसऱ्या टोकाला दहा भोकांचा कनेक्टर, मध्ये वीतभर केबल आणि कॅबिनेटच्या मागे स्क्रूने बसणारी पत्र्याची पट्टी. मला दोन-तीनशे रुपयांत पडली. आमच्या गावच्या दूध संस्थेत ती पावसाळ्याच्या तोंडावर बसवली. आता थंडी पडलीय, दूध वाढलंय, तरी तिच्याकडे कुणाला बघावं लागलेलं नाही.

आधी वजनकाटा पीसीला यूएसबी कन्व्हर्टरवर, म्हणजे यूएसबी सॉकेटातून सीरियल पोर्ट काढून देणाऱ्या वायरीवर, चालायचा. तो वाईट नव्हता, पण डेअरीत टिकणारा नव्हता. स्वस्तातल्या कन्व्हर्टरला स्वतःचा वेगळा सीरियल नंबर नसतो, त्यामुळे विंडोज त्याला तो ज्या सॉकेटमध्ये बसलाय त्यावरून ओळखतं. झाडलोट करताना कुणी पिन काढून शेजारच्या सॉकेटात लावली की कॉम५ चा कॉम७ होतो, आणि सॉफ्टवेअर कॉम५ ची वाट बघत बसतं. सकाळी सहाला कॅन घेऊन माणसं उभी आणि सचिव टेबलाखाली वाकून वायरी हलवतायत, हे चित्र आमच्याकडे नेहमीचं झालं होतं. बोर्डावरचा पोर्ट मात्र कॉम१ म्हणजे कॉम१. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, त्याचा पत्ता ठरलेला असतो. वीज जावो, येवो, तो बदलत नाही.

आता मुख्य मुद्दा. ही केबल दोन प्रकारच्या वायरिंगमध्ये मिळते आणि विकणारा बहुतेक वेळा ते सांगत नाही. एका प्रकारात चपटी पट्टीकेबल दोन्ही टोकांना दाबून बसवलेली असते. अशा चपट्या केबलीतल्या वायरींचा क्रम बदलता येत नाही, म्हणून डीबी-९ ची १ नंबरची पिन हेडरच्या १ वर, ६ नंबरची २ वर, २ नंबरची ३ वर, ७ नंबरची ४ वर अशी आलटून पालटून जाते. दुसऱ्या प्रकारात १ ला १, २ ला २, ३ ला ३ असं नऊपर्यंत सरळ. गिगाबाइट, एमएसआय यांच्या अलीकडच्या बोर्डांना हा दुसरा प्रकार लागतो: हेडरच्या २ वर डेटा आत येतो, ३ वरून बाहेर जातो आणि ५ ला ग्राउंड. मला पहिली केबल आली ती पट्टीवाली, म्हणजे चपट्या केबलीची. ती लावली असती तर डीबी-९ च्या ३ नंबरवर डेटाऐवजी ग्राउंड आला असता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट छान दिसतो, काट्याचा आकडा काही येत नाही, आणि माणूस बिचारा बॉड रेट (डेटाचा वेग) बदलत बसतो.

ओळखायला मल्टिमीटर पुरे. बीपवर ठेवून एक टोक डीबी-९ च्या ५ वर, दुसरं टोक कनेक्टरच्या भोकात. पाचव्या भोकाला बीप झाला तर सरळ क्रमाची, नवव्याला झाला तर पट्टीवाली. बोर्डाच्या पुस्तिकेत ग्राउंड कुठे दाखवलाय ते बघा आणि त्याप्रमाणे घ्या. दुसरं, कॉमच्या हेडरला १० नंबरची पिन नसते, तर यूएसबी २.० च्या हेडरला ९ नंबरची नसते. दोन्ही शेजारी-शेजारी असू शकतात आणि यूएसबीवर पाच व्होल्ट असतात, तेव्हा टॉर्च घेऊन नीट वाचूनच लावा.

बसवल्यावर डीबी-९ च्या २ आणि ३ नंबरच्या पिना छोट्या वायरीने जोडायच्या, पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये कॉम१ उघडायचा, फ्लो कंट्रोल बंद करायचा आणि टाइप करायचं. अक्षरं परत दिसली की काम झालं. वायर काढल्यावर ती दिसायची थांबलीही पाहिजेत, नाहीतर तो लोकल एकोच असतो, म्हणजे प्रोग्राम स्वतःच अक्षरं दाखवत असतो.

एक गंमत. काटा सतत वजन पाठवणाऱ्या मोडमध्ये असेल आणि पीसी नंतर सुरू केला, तर विंडोजला वाटतं सीरियल माउस लागलाय. बाण पडद्यावर भूत लागल्यासारखा पळायला लागतो, आपोआप क्लिक होतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट’ दिसेल, तो डिसेबल करा. अनइन्स्टॉल केला तर पुढच्या वेळी परत येतो.

तक्रारी दोन. डीबी-९ च्या बाजूचे षटकोनी नट इतके ढिले होते की काट्याची केबल काढताना स्क्रूबरोबर तेच निघून आले. पान्याने आवळून घेतले. आणि खोली रोज धुतली जात असल्याने पट्टीच्या स्क्रूंना गंज धरलाय. पिना अजून स्वच्छ आहेत.

पण खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती या पट्टीच्या दर्जाची नाही. कन्व्हर्टर जळला तर कन्व्हर्टर गेला. इथे काट्याकडून येणारी वायर थेट मदरबोर्डाला भिडते. काटा एका सॉकेटवर, पीसी इन्व्हर्टरवर, दोघांचं अर्थिंग वेगळं, वर वळवाची वीज. आरएस-२३२ चं, म्हणजे या सीरियल जोडणीचं, ग्राउंड ही दोन्ही यंत्रं एकमेकांना बांधून टाकतं. म्हणून मध्ये एक ऑप्टो-आयसोलेटर टाकलाय, तो सिग्नल प्रकाशाने पलीकडे पोचवतो आणि विजेचा थेट जोड तोडतो. तो पट्टीपेक्षा बराच महाग पडला, पण नव्या बोर्डापेक्षा स्वस्त. गडगडाट सुरू झाला की केबल तरीही काढून ठेवतो.

घरी कधीतरी राउटरच्या कन्सोलला किंवा अर्डुइनोला जोडायचं असेल तर ही खटपट करू नका, यूएसबी कन्व्हर्टरच घ्या. शिवाय रास्पबेरी पायच्या पिनांना ही पट्टी लावायची नाही, तिथे ३.३ व्होल्टचा सिग्नल असतो, मध्ये मॅक्स३२३२ सारखी व्होल्टेज जुळवणारी चिप लागते. जागच्या जागी वर्षानुवर्षं चालणारं यंत्र असेल, काटा, बारकोडचा जुना प्रिंटर, सीएनसी, तर जरूर घ्या.

आमच्या फॅट मशीनला दुसरा पोर्ट हवा होता आणि बोर्डावर हेडर एकच. त्यासाठी पीसीआय एक्सप्रेसचं दोन पोर्टांचं कार्ड टाकलंय. त्याला ड्रायव्हर टाकावा लागला आणि नंबर कॉम३ पासून सुरू झाले, एवढाच फरक. फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या घन भागाचे) आकडे आता दोन्ही वेळेला थेट पावतीवर येतात.