खिशातला यूव्ही मीटर घ्यावा का? अॅपशी ताडून बघितलं ते सांगतो

घेतला तो ताईसाठी. तिला ल्युपस आहे (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार, उन्हानं वाढतो), डॉक्टरांनी ऊन टाळा म्हणून सांगितलंय, आणि शाळा खानापूर तालुक्यात, म्हणजे बेळगावहून रोज बस आणि पुढं चालत. मोबाईलच्या अॅपवर यूव्ही इंडेक्स (उन्हातले अतिनील किरण कातडीला किती भाजतील ते सांगणारा आकडा) बघून चाललं होतं, खरं अॅपचा आकडा अख्ख्या गावाला एकच की हो, ताई कुठं उभी आहे ते त्याला काय माहीत. म्हणून ऑनलाइन मागवला, तीन हजाराच्या आतला.

अॅपमागं उपग्रहाची माहिती असते आणि उपग्रह काही जमिनीवरचं यूव्ही मोजत नाही. तो वरून ओझोन बघतो, ढगांवरून परत फिरलेला उजेड बघतो, आणि खाली किती पोचत असेल ते गणितानं काढतात. 2004 साली सोडलेल्या ऑरा उपग्रहावरचं ओएमआय हे यंत्र घ्या नाहीतर 2017 साली सोडलेल्या उपग्रहावरचं ट्रोपोमी, दोन्ही आपल्यावरून जातात तेव्हा घड्याळात दोन वाजलेले असतात, आणि बेळगावात सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या सुमाराला, म्हणजे मधल्या दीड तासात ढग आले-गेले ते त्याला दिसलेच नाहीत. त्यात ओएमआयचा एक ठोकळा 13 बाय 24 किलोमीटरचा, हिंडलगा आणि येळ्ळूर एकातच बसतील. ट्रोपोमीचा बराच बारीक आहे.

आणखी एक, उसाच्या सीझनला पाचट जाळतात तेव्हा धूर खाली साचून राहतो, तो यूव्ही खातो, आणि उपग्रहाच्या गणितात हे नीट धरलं जात नाही. धुरकट हवेच्या गावांत उपग्रहाचा आकडा जमिनीवरच्या यंत्रापेक्षा जास्त येतो हे बऱ्याच देशांत दिसलंय. आमच्याकडं पण तसल्या दिवशी मीटर अॅपच्या खालीच राहिला.

पावसाळ्यात उलटं. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बेळगावात सूर्य दुसऱ्यांदा अगदी डोक्यावर येतो (पहिल्यांदा मेच्या सुरवातीला), लोक म्हणतात पाऊस आहे ऊन कुठलं, आणि ढग फाटून ऊन पडलं की मीटर एकदम उडी मारतो, कारण थेट ऊन आणि वर ढगांच्या कडेवरून आलेलं, दोन्ही. अॅप तेव्हा ढगाळ म्हणून कमी दाखवत बसतं. ह्या एका गोष्टीसाठी मला मीटर लई आवडला.

आता मीटरची खोट. इंडेक्सचा 1 म्हणजे चौरस मीटरला 25 मिलिवॉट, पण त्यात कातडी भाजणाऱ्या यूव्हीबीला जास्त वजन दिलेलं असतं. हवामान खात्याची ब्रुअरसारखी मोठी यंत्रं एकेक तरंगलांबी वेगळी करून मोजतात, ह्या छोट्या सेन्सरला मुख्यतः यूव्हीए (यूव्हीचाच कमी भाजणारा भाग) दिसतं. सकाळी सूर्य खाली असताना उन्हात यूव्हीबी कमी आणि यूव्हीए त्यामानानं जास्त, त्यामुळं तेव्हा हा अॅपपेक्षा जास्तच दाखवतो, आणि जरा तिरका धरला तरी आकडा बदलतो. अचूक इंडेक्स पाहिजे असेल तर ह्याच्यावर विसंबू नका.

ताईला मात्र हेच उपयोगी पडलं बघा, कारण ल्युपसला यूव्हीए पण त्रास देतं. बसच्या बंद काचेमागं मीटर धरला तर शून्य येत नाही, साधी काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते खरं यूव्हीए आत सोडते. तो आकडा इंडेक्स म्हणून धरायचा नाही, पण कुठल्या बाजूला बसायचं ते कळतं. शाळेच्या पत्र्याच्या शेडखाली आणि झाडाखाली किती फरक आहे ते पण तिनं स्वतः बघून ठेवलंय. हे कुठलंच अॅप सांगणार नाही. उद्या किती असेल, बाहेरची कामं कधी उरकायची, ह्यासाठी मात्र अजून आम्ही अॅपच बघतो.

एक मोठी कटकट, भर उन्हात स्क्रीन वाचता येत नाही, वाचायला हाताची सावली केली तर ती सेन्सरवरच पडते. आमच्यात होल्डचं (आकडा तसाच धरून ठेवायचं) बटण नाही. तुम्ही घेणार असाल तर होल्ड असलेलंच बघून घ्या, दोनशे-तीनशे जास्त गेले तरी चालतील.