फोल्डस्कोप: घडीचा सूक्ष्मदर्शक कितपत कामाचा?

स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी बनवलेला आणि २०१४ मध्ये शोधनिबंधातून मांडलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक. वर्धन १४० पट, विभेदनक्षमता साधारण २ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाइतक्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी, डबक्यातला पॅरामिशियम हा एकपेशीय जीव, रक्तातल्या तांबड्या पेशी दिसतात. जिवाणूंची आशा धरू नका.

जोडणी सोपी, पण घड्या नखाने पक्क्या दाबा. घडी सैल राहिली तर भिंग आणि काचपट्टी समांतर राहत नाहीत, मग चित्राची एक कड कायम धूसर. खरी कसोटी फोकसची. डोळा भिंगाला जवळजवळ टेकवायचा, उजेडाकडे तोंड करायचं (सूर्याकडे कधीच नाही!) आणि अंगठ्यांनी कागद केसभर सरकवायचा. घाई केली की पेशी हातची गेलीच. जाड काळ्या कडेची वर्तुळं दिसली तर ते बुडबुडे. कव्हरस्लिप (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) तिरकी टेकवून सावकाश सोडा. पाणी एकच थेंब, जास्त झालं तर नमुना वाहत राहतो. भिंगावर बोट लागलं की सगळंच दुधाळ.

चुंबकाने मोबाइलला जोडता येतो, फोटो झकास येतात. शाळेसाठी डोळे झाकून घ्या; पॅथॉलॉजीच्या निदानासाठी नको.